एक बाई बसली, बाकीच्या रोवत राहिल्या

दारात उभ्या असलेल्या बायांनो, आत या. इथं पुढं सतरंजीवर जागा आहे. पुरुष थोडे सरकतील. सरका ना जी थोडे.

गावकरी मंडळी, बाहेरगावचे पाव्हणे, आणि तिथं भिंतीला टेकून बसलेला माझा दादा. मी अनुसयावहिनीची नणंद. देवरीला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त झाले. जन्मभर बोलूनच पोट भरलं, म्हणून आमचा गणपत, माझा लहान भाऊ, म्हणाला की घरच्यांच्या वतीनं तूच बोल. मी हो म्हटलं. आता उभी राहिले आहे. समोर तिचा फोटो आहे, आणि फोटोतून ती अशी पाहून राहिली आहे, की बाई, आटपा लवकर, लोकाइले चहा द्याचा आहे.

नणंदेनं भावजयीबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे लोक जरा संशयानंच पाहतात. पाहू द्या. आमचं काय होतं ते गावाला माहीत आहे. एकदा वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालायचं की नाही, यावरून आम्ही अख्खी दिवाळी एकमेकींशी बोललो नव्हतो. दिवाळी संपली, मी बसमध्ये बसले, आणि खिडकीतून एक डबा आत आला. डब्यात तीच भाजी. तिच्याच पद्धतीची. अशी होती ती. माफीही मागायची आणि हारायचीही नाही.

मी आज एवढंच, गोड गोड बोलून बसणार होते. पण सकाळी एक गोष्ट झाली, आणि आता तेवढ्यावर मला बसता येत नाही.

सकाळी मी आणि देवका बोडीकडं गेलो होतो. देवका म्हणजे गणपतची बायको, अनुसयावहिनीची धाकटी जाऊ. ती बघा, खांबाजवळ बसली आहे, पदर तोंडाला लावून. आपल्या बोडीची पार, म्हणजे तळ्याचा बांध, काही डोंगर नाही. लेकरं धावत चढतात. देवका अर्ध्यात थांबली. मी विचारलं, "काऊन थांबली वं?" तर म्हणते, "पाणी पाहून राहिली, बाई. यंदा पाणी चांगलं आहे."

पाण्याकडं तिची पाठ होती.

मी तिला तिथंच बसवलं. मास्तरीण आहे मी, खोटं बोलणारी पोरं ओळखता येतात मला. मग हळूहळू निघालं. दसऱ्यापासून असं होते. चढ आला की दम कोंडते, डाव्या खांद्यात आवळल्यासारखं होते, थांबलं की जाते. बीपीची गोळी आठवली तर घेते, नाही तर नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गोंदियाला चल. तर काय म्हणावं तिनं? "तेरवी होऊ द्या ना बाई. मंग पाहू."

तेरवी होऊ द्या! कोणाची तेरवी? जी बाई जन्मभर हे होऊ दे, ते होऊ दे, मग पाहू, असं म्हणत गेली, तिची.

तेव्हा मंडळी, मी श्रद्धांजली द्यायला उभी आहे हे खरं. पण इथून बाहेर पडताना देवकाला मला गाडीत बसवायचं आहे, हेही तितकंच खरं. ती माझं ऐकत नाही. अनुसयावहिनीचं ऐकायची. म्हणून वहिनीचंच सांगते. देवका, पदर खाली घे आणि ऐक.

गेल्या सालच्या रोवणीपासून सांगावं लागेल. वहिनीच्या बाजूला रोवणाऱ्या बाया इथं बसल्या आहेत. माझं चुकलं तर टोका.

शहरातून आलेल्या पाव्हण्यांसाठी सांगते. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि चिखलात रोपं खोवत खोवत मागं सरकतात. सगळ्या एकदम. कोणी एक थांबली तर तिच्यासमोर तेवढी जागा रिकामी पडते. म्हणून आपल्याकडं रीत आहे. एखादी बाई बसली, तर दोन्ही बाजूच्या बाया हात लांबवतात आणि तिचीही जागा भरून काढतात. तिला कोणी एक शब्द बोलत नाही. पण बसणारीला ते पचत नाही. आपल्या वाटचं दुसरीनं रोवलं, याची तिला लाज वाटते. म्हणून शक्यतो कोणी बसतच नाही. ही आपली रीत. मला तिचा अभिमान आहे, आणि आज तिची भीतीही वाटते.

त्या दिवशी दुपारी वहिनीच्या जबड्यात कळ आली. मग पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध. अंगाला असा घाम, की वरून पाऊस पडत असतानाही तो वेगळा दिसला. बाजूची म्हणाली, "बस ना वं धुऱ्यावर जराशी." वहिनी म्हणाली, "बांधी तेवढी होऊ दे." आणि तिनं ती बांधी पुरी केली. मग धुऱ्याच्या बांधावर बसून उलटी केली. कोणी म्हटलं, पित्त झालं, सकाळपासून उपाशी आहे. कोणी म्हटलं, वात आहे. लिंबू पिळून पाणी दिलं. ती ते प्याली, तोंड धुतलं, आणि दुसऱ्या बांधीत उतरली.

छातीत दुखलं का तिच्या? नाही. छातीला हात लावला का तिनं? नाही. मग कोणाला कसं कळावं? आपण सगळ्यांनी हार्टअटॅक पाहिला तो सिनेमातला. माणूस छाती धरतो, डोळे फिरवतो, पडतो. आणि दर वेळी पुरुषच पडतो. बाई फक्त त्याच्या बाजूला बसून किंचाळते. मग बाईचा अटॅक कसा दिसतो, हे आपल्याला कोणी दाखवलं?

पुढं तिचा जबडा चालता चालता दुखायचा. चढावर तर हमखास. म्हणून ती आमगावला दाताच्या डॉक्टरकडं गेली. त्यानं बॅटरी मारून सगळे दात पाहिले आणि म्हणाला, "मावशी, दात तो एकदम बढिया है. इस उमर में ऐसे दात किसके रहते?" झालं! बाई जबडा विसरली. मला फोन करून सांगते, "बाई, डॉक्टर म्हणते, माह्यासारखे दात आमगावात नाही." तुम्ही हसून राहिले. हसा. तीही हसायची, दात दाखवून दाखवून. डॉक्टरचं काय चुकलं? त्याला दात दाखवले, त्यानं दात पाहिले. हृदय दाखवायला जावं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. कोणाच्याच नाही.

आता दादा, तू रागावू नको. तुझी गोष्ट सांगितल्याशिवाय हिची पुरी होत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात दादाच्या छातीत दुखलं. आदल्या दिवशी तो एका लग्नातून वाटीवर वाटी तर्री पिऊन आला होता, पण ते सोडा. त्यानं छातीला हात लावला मात्र, अख्खा मोहल्ला अंगणात! कोणी बनियनवर धावत आलं, कोणी ट्रॅक्टर चालू केला, तोवर कोणाची तरी गाडी आली. गोंदियाला नेलं. छातीच्या पट्ट्या, म्हणजे ईसीजी, काढल्या, रक्त तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. आम्ही सगळ्यांनी देवाला हात जोडले. येताना जिलेबी आणली. मीही खाल्ली.

बरं केलं आम्ही. पुन्हा दुखलं तर पुन्हा नेऊ. पण त्या दिवशी दादाची पिशवी, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन दवाखान्याचा जिना कोण चढलं? अनुसयावहिनी. कठडा धरून, मधे थांबत. मी वरून पाहिलं तेव्हा म्हणाली, "आली आली, चप्पल तुटली." ज्या मशीननं दादाचं हृदय तपासलं, त्या मशीनपासून हातभर अंतरावर ती दिवसभर स्टुलावर बसून होती. तिला कोणी विचारलं नाही. तिनं कोणाला सांगितलं नाही.

दादाचा गॅस आम्ही हृदय समजून नेला. वहिनीचं हृदय आम्ही गॅस समजून घरी ठेवलं.

मग आली यंदाची मंडई, आपली दिवाळीनंतरची जत्रा. मंडईच्या दिवशी आपल्या घरांत काय असते, ते मी कोणाला सांगू? गावात दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि प्रत्येक घरी पाव्हणे. कोण किती येतील, याचा नेम नाही. आणि मंडईचा पाव्हणा उपाशी गेला, तर ती गोष्ट लोक नातवंडांच्या लग्नापर्यंत काढतात. आम्ही माहेरवाशिणी मिरवायला येतो. वहिनी आणि देवका चुलीपुढं असतात.

दुपारी वहिनीच्या पोटात मळमळलं. घाम सुटला. चेहरा राखेसारखा झाला. सगळे म्हणाले, चुलीची धग लागली, पंख्याखाली बस. अंगणात पाव्हण्यांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. दोन! पण मंडईच्या दिवशी घरची बाई चुलीवरून उठवून दवाखान्यात न्यायची, हे कोणाच्या डोक्यात येणार? ती स्वतःच म्हणाली, "पाव्हणे जेवू द्या." पाव्हणे जेवले. वाढायलाही तीच होती. सगळे दंडार पाहायला गेले, तेव्हा भांड्यांच्या ढिगाजवळ बसून ती देवकाला म्हणाली, "देवका, मले दम घेता येऊन नाही राहिला वं."

आणि इथं मला देवकाबद्दल सांगायचं आहे. या बाईनं एक क्षण घालवला नाही. पित्त म्हणाली नाही, धग म्हणाली नाही. राखेच्या हातानं धावत दंडारीच्या मैदानात गेली, भर खेळात पुरुषांच्या मधे उभी राहिली आणि ओरडली, "गाडी आना!" ढोलकी थांबली. जन्मात जिचा आवाज सासऱ्यानं ऐकला नव्हता, ती देवका! तिच्यामुळं आम्हाला वहिनीचे आणखी थोडे दिवस मिळाले. त्या दिवसांसाठी, देवका, मी तुझे पाय धरायला तयार आहे.

आता मी जे पाहिलं ते सांगते. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या छातीवर यंत्र फिरवलं आणि पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. मला जवळ उभं राहू दिलं. मंडळी, मी वर्षानुवर्षं फळ्यावर हृदय काढलं आहे. लाल खडू, निळा खडू, चार कप्पे. हृदयाचं काम काय? पोरं एका सुरात म्हणायची, रक्त पंप करणे. शाब्बास, बसा खाली. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा हृदय पाहिलं. ते उघडत होतं, मिटत होतं. उघडत होतं, मिटत होतं. कोणी सांगत नव्हतं त्याला. कोणी पाहत नव्हतं आजवर. दादाच्या लग्नाच्या दिवशी, माझ्याशी भांडताना, झोपेत, रोवणीत, ते असंच चालू होतं. मला त्या पडद्याला हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही.

डॉक्टरीणबाईंनी एका जागी बोट ठेवलं. म्हणाल्या, "ये हिस्सा देखिए. हा भाग हलत नाही. आणि हे आजचं नाही, जुनं आहे. यांना आधी एक अटॅक येऊन गेला आहे. कधी आला होता?"

आला होता? कधी? वहिनी पडल्या पडल्या विचार करत होती. मग म्हणाली, "रोवणीत आला असन. जबडा दुखला होता त्या दिवशी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग तुम्ही काय केलं?"

"बांधी तेवढी पुरी केली."

त्यांनी पडदा वहिनीकडं वळवला. मग तिला समजावून सांगितलं, की मावशी, तुमच्या हृदयाचा एवढा भाग तेव्हापासून काम करत नाही, बाकीच्या भागानं सगळं ओढलं. वहिनी पडद्याकडं पाहत म्हणाली, "म्हणजे एक बाई बसली, आन् बाकीच्या तिचंही रोवून राहिल्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो मावशी. अगदी असंच."

वहिनीनं पडद्यावरच्या हलणाऱ्या भागाकडं बोट केलं. आणि म्हणाली, "लय थकल्या असतीन बिचाऱ्या."

मंडळी, स्वतःच्या हृदयाची कीव आलेली बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली. स्वतःबद्दल जी कधी थकली म्हणाली नाही, ती त्या पडद्यावरच्या हृदयाला थकलं म्हणाली. मी तोंड फिरवून भिंतीकडं उभी राहिले.

त्या अर्ध्यामुर्ध्या हृदयानं तिनं काय काय केलं, याचा विचार केला तर मला आजही झोप लागत नाही. गेल्या सालची कापणी केली. उन्हाळी धानाला पाणी दिलं. नातीला काखेत घेऊन पोलिओच्या बूथवर गेली. यंदाची रोवणी पुन्हा केली, पुन्हा! आणि मंडईचे पाव्हणे जेवू घातले. मी शिकलेली बाई, मला वाटायचं हृदय म्हणजे नाजूक वस्तू. केवढं बळ असते त्यात! केवढं सहन करते ते, आवाज न करता! मी थक्क आहे. रडू नंतर येते, आधी थक्क व्हायला होते.

पण देवका, मी आता तुला काय सांगून राहिले ते ऐक. हे बळच आपल्या बायांना मारते. डॉक्टरीणबाईंनी बाहेर बसवून सगळं सांगितलं मला. बऱ्याच बायांनाही छातीत दुखतेच. पण कित्येकींना तसं ठळक दुखत नाही. जबडा दुखते, पाठ दुखते, पोटाच्या वर जळजळते, मळमळते, दम लागते, नाही तर कारण नसताना गळून गेल्यासारखं होते. हे सगळं आपल्याला रोजचंच वाटते, म्हणून आपण सांगत नाही. सांगितलं तर घरचे पित्त म्हणतात, टेन्शन म्हणतात. कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतात, असं त्या स्वतः म्हणाल्या. पाळी गेल्यावर, बीपी किंवा शुगर असेल तर, धोका वाढते. एकदा पट्टी चांगली आली म्हणजे सुटलो असंही नाही. त्रास होत राहिला तर पुन्हा जायचं, पुढची तपासणी मागायची. मी विचारलं, रोवणीच्या दिवशीच आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, तर वेगळं काही करता आलं असतं. एवढंच म्हणाल्या.

थोडेच दिवस गेले, आणि ज्या रोवून राहिल्या होत्या, त्याही बसल्या.

आता तू म्हणशील, बाई, मला तसलं काही नसलं तर? नसू दे! याहून चांगलं काय? दादाला गॅस निघाला तेव्हा कोणी म्हटलं का, फुकट नेलं? आम्ही जिलेबी आणली. बाईला नेलं आणि काही निघालं नाही, तर मात्र लोक म्हणतात, उगाच खर्चात पाडलं, नखरे आहेत. हा न्याय कुठला? तुला काही निघालं नाही तर मी या गावात घरोघरी जिलेबी वाटीन. माझ्या पेन्शनची.

परवाच्या तेरवीचं काय, असं तू सकाळी म्हणालीस. गावजेवणाचा गंज चुलीवर कोण चढवतो? हेच पुरुष. लग्नात मोठ्या ऐटीत झारा घेऊन उभे राहतात. मग घरच्या पाव्हण्यांसाठी वरण-भात शिजवताना त्यांचे हात गळून पडतील का? गणपत, तुला भात लावता येतो. आई घरी नसायची तेव्हा तूच लावायचास. दादा, तू भाजी चीर. भाजी चिरता चिरता माणसाला रडताही येते, कोणी विचारत नाही.

गाडी या समाजभवनाच्या दारात उभी आहे. मीच आणली. मी सोबत येते.

आता रीतीप्रमाणं आपण उभं राहून शांत व्हायचं असते. मी सकाळपासून त्याचाच विचार केला. अनुसयावहिनीला आपण शांतता द्यायची? तिनं आयुष्यभर दुसरं काय केलं? ती इतकी शांत राहिली, की तिला अटॅक येऊन गेला आणि घरात कोणाला ऐकू आला नाही. तिला आणखी शांतता नको. मी तिची नणंद आहे, मला माहीत आहे.

म्हणून आज शांत फक्त पुरुषांनी राहायचं. हात जोडून, डोळे मिटून, कान उघडे ठेवून. बायांनी शांत राहायचं नाही. प्रत्येकीनं बाजूच्या बाईकडं वळायचं आणि सांगायचं, मला कुठं दुखते आणि कधीपासून दुखते. त्याला कोणतंही दुसरं नाव द्यायचं नाही. आणि ऐकणारीनं, काही नाही होत वं, असं म्हणायचं नाही.

वहिनी, माझा नमस्कार घे. तुझ्या हृदयालाही माझा नमस्कार.

उठा सगळे. पुरुष मंडळी, शांत.

देवका, तू आधी. मोठ्यानं.